संगणकातील ऊन आणि सावली

खोलीत दिवा लावणे ही क्रिया इतकी साधी आहे की, तिच्यात समजून घेण्यासारखे काही असेल असे आपल्याला सहसा वाटत नाही. बटण दाबताच भिंती, छत, जमीन, माणसे आणि वस्तू एकाच क्षणी उजळतात. प्रकाश कोठे पडावा, कोठून परतावा, कोणत्या वस्तूची सावली कोणत्या भिंतीवर उमटावी, हे सारे निसर्ग ठरवितो. त्याचा हिशेब तो आपल्याकडे मागत नाही. संगणकावरील खेळातल्या खोलीची गोष्ट निराळी आहे. ती खोली म्हणजे मुळात संख्यांची एक लांबलचक यादी असते: भिंतींचे कोपरे कोठे आहेत, पृष्ठभागांचा रंग कोणता, ते गुळगुळीत की खडबडीत. या यादीत प्रकाश आपोआप शिरत नाही. तेथील प्रत्येक कवडसा कोणीतरी मोजून द्यावा लागतो.

हे मोजण्याचे काम करणारी सॉफ्टवेअर-साधने कशी चालतात, ती वापरणाऱ्यापुढे कोणते पर्याय असतात आणि त्यांतील निवडीवर काय अवलंबून असते, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण एक खोली कल्पू या. ही खोली रायपूरमधील समता कॉलनीतल्या एका घरात आहे. तिला दक्षिणेकडे एक खिडकी आहे. खिडकीवर छज्जा नाही. भिंतींना पांढरा चुना दिलेला आहे, जमीन लाल कोब्याची आहे, पूर्वेकडे दार आहे आणि छताला एक विजेचा दिवा आहे. खोलीच्या मध्यभागी एक मेज आहे. एवढे सामान आपल्याला पुरेसे आहे.

सूर्याचे स्थान

प्रकाशयोजनेचा आरंभ बहुधा सूर्यापासून होतो. सूर्य इतका दूर आहे की, एका खोलीपुरते त्याचे किरण परस्परांना समांतर आहेत असे मानले तरी चालते. म्हणून या साधनांत सूर्यासाठी जो दिवा असतो, त्याला स्थान नसते, केवळ दिशा असते. तो दृश्यात कोठेही ठेवला तरी परिणाम एकच होतो. तो फिरविला तर मात्र सर्व सावल्या फिरतात.

ही दिशा अंदाजाने ठरविता येते. परंतु ब्लेंडर, अनरियल इंजिन यांसारख्या साधनांत ती गणिताने काढण्याचीही सोय आहे. स्थळाचे अक्षांश व रेखांश, तारीख आणि वेळ सांगितली की, सूर्य किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला आहे हे साधन स्वतः ठरविते. रायपूर सुमारे २१.२५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४५ अंश उंच असतो. आपल्या खिडकीची वरची कड जमिनीपासून दोन मीटर उंच असेल, तर त्या दिवशी ऊन खोलीत दोन मीटर आतपर्यंत येईल. २१ मार्चला सूर्याची मध्यान्हीची उंची सुमारे ६९ अंश होते आणि तेच ऊन पाऊण मीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबते. २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. रायपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. रायपूरमधील मे महिन्याची दुपार दाखविणाऱ्या एखाद्या खेळात रस्त्यावर लांबलचक सावल्या पडलेल्या असतील, तर तेथील रहिवाशाला ते दृश्य परके वाटेल. मग त्याचे कारण त्याला सांगता येवो अथवा न येवो.

अक्षांशाइतकेच रेखांशालाही महत्त्व आहे. भारतात घड्याळ सर्वत्र एक आहे, सूर्य मात्र एक नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. रायपूरचा सूर्य तिच्याहून सुमारे साडेतीन मिनिटे मागे असतो, तर कोल्हापूरचा सुमारे तेहेतीस मिनिटे. घड्याळात सायंकाळचे पाच वाजले असता या दोन गावांतील सावल्यांची लांबी सारखी नसते.

कोल्हापूरचे नाव येथे सहज आलेले नाही. तेथील अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हे प्रकाशाच्या दिशेचे एक प्रसिद्ध प्रात्यक्षिक आहे. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात आणि क्रमाने मूर्तीचे चरण, मध्यभाग व मुख उजळतात. वर्षातून असे दोन काळ का येतात, याचे उत्तर सोपे आहे. १० नोव्हेंबर हा दिवस दक्षिणायनाच्या शेवटापूर्वी जितके दिवस येतो, जवळजवळ तितक्याच दिवसांनंतर १ फेब्रुवारी येते. या दोन्ही दिवशी सूर्य पश्चिमबिंदूपासून सुमारे अठरा अंश दक्षिणेला मावळतो, म्हणून किरणांची वाटही एकच असते. या वाटेवर एखादे बांधकाम किंवा ढग आडवा आला, तर किरण मूर्तीपर्यंत पोहोचत नाहीत. संगणक सावली काढतो ती याच न्यायाने: दिलेल्या बिंदूपासून सूर्याकडे जाणाऱ्या सरळ रेषेत काही आडवे येते का, एवढेच तो पाहतो.

ही परीक्षा प्रत्येक बिंदूसाठी वेगाने कशी करावी, याची एक युक्ती लान्स विल्यम्स यांनी १९७८ साली मांडली. प्रथम दिव्याच्या जागी डोळा आहे असे समजून संपूर्ण दृश्य पाहावयाचे आणि प्रत्येक दिशेला सर्वांत जवळची वस्तू किती अंतरावर आहे, ते नोंदवून ठेवावयाचे. मग प्रेक्षकाला दिसणारा बिंदू घेऊन तो या नोंदीशी ताडून पाहावयाचा. दिव्याला जे दिसत नाही, ते सावलीत असते. खेळांतील बहुतेक हलत्या सावल्या आजही याच पद्धतीने अथवा तिच्या सुधारित रूपांनी काढल्या जातात.

कोन आणि अंतर

प्रकाश पोहोचला, एवढ्याने तो किती पोहोचला हे कळत नाही. योहान हाइन्रिख लँबर्ट यांनी १७६० साली प्रकाशमापनावरील आपल्या ग्रंथात जो नियम सांगितला, तोच आजच्या साधनांचाही पाया आहे. खडबडीत पृष्ठभागावर किरण लंबरूप पडले तर तो सर्वाधिक उजळतो. किरण तिरपे होत जातात तसतसा तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरतो आणि उजेड मंदावतो. डिसेंबरच्या मध्यान्हीचे ऊन आपल्या कोब्यावर ४५ अंशांनी पडते, तेव्हा लंबरूप उन्हाच्या सुमारे ७१ टक्केच उजेड त्याला मिळतो.

सूर्याखेरीज इतर दिव्यांना अंतराचाही नियम लागू होतो. छतावरचा लहानसा दिवा चहूकडे प्रकाश फेकतो. त्याच्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एकचतुर्थांश होतो. नाटकातील स्पॉटप्रमाणे एका शंकूत प्रकाश टाकणारा दिवाही साधनांत असतो, तसेच नळीच्या किंवा खिडकीच्या आकाराचा, पृष्ठभाग असलेला दिवाही असतो. लहान दिव्याची सावली काटेकोर कडेची पडते. रुंद दिव्याची कड मऊ होते, कारण त्या कडेवरून दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही झाकलेला असतो.

नवशिक्या माणसाचा गोंधळ होतो तो प्रकाशाच्या परिमाणांत. भर उन्हात उजेड सुमारे १,००,००० लक्स असतो. दिव्याच्या खोलीत तो शे-दोनशे लक्स असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात तो जेमतेम पाव लक्स भरतो. ऊन आणि चांदणे यांत चार लाख पटींचे अंतर आहे आणि संगणकाचा पडदा यातील फारच थोडा पल्ला दाखवू शकतो. म्हणून साधनात छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याप्रमाणे किती प्रकाश आत घ्यावयाचा हे ठरवावे लागते. हे न ठरविता जो एकामागून एक दिवे वाढवीत जातो, त्याची खोली उजळत नाही, पांढरी पडते.

परतणारा प्रकाश

आता आपल्या खोलीत ऊन आले आहे. संगणकाने केवळ सूर्याकडून सरळ येणारा प्रकाश मोजला, तर कोब्यावर एक झगझगीत चौकोन दिसेल आणि उर्वरित खोली काळीकुट्ट राहील. प्रत्यक्षात असे होत नाही. उन्हाच्या त्या चौकोनावरून प्रकाश परततो, भिंतींवर जातो, तेथून छताकडे जातो. कोबा लाल असल्यामुळे परतणारा प्रकाशही तांबूस होतो आणि पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी लालसर झाक दिसते. भारतीय घरांत दुपारी दिवा न लावता वावरता येते, ते या परतणाऱ्या प्रकाशामुळेच.

त्याचे गणित करण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात फळाला आले. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात डोळ्यापासून किरण उलटे सोडून आरसे, काच व सावल्या यांचा माग काढला. या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी उष्णतेच्या देवघेवीचे समीकरण प्रकाशाला लावले आणि रंगीत भिंतींच्या एका पेटीत एका भिंतीचा रंग दुसऱ्या पृष्ठभागावर कसा उतरतो, ते दाखविले. १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या सर्व देवघेवीला सामावून घेणारे एक समीकरण मांडले. त्यानंतरची साधने हे समीकरण पूर्णपणे सोडवीत नाहीत. ती त्याच्या निरनिराळ्या मार्गांनी जवळ जातात.

जवळ जाण्याला मर्यादा आहे, कारण खेळात वेळ नसतो. चित्रपटातील एका चित्रासाठी संगणकाने कित्येक तास घेतले तरी प्रेक्षकाला ते कळत नाही. खेळात मात्र खेळणारा मान वळवितो त्याच क्षणी नवे चित्र हवे असते. सेकंदाला साठ चित्रे द्यावयाची, तर एका चित्रासाठी एक हजारांश सेकंदाचे सोळा-सतरा भाग मिळतात. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. त्या सर्वांचा उजेड एवढ्या अवधीत ठरवावा लागतो.

आधी मोजावे की त्या क्षणी?

या अडचणीतून सुटण्याचा जुना व अजूनही उपयोगी मार्ग म्हणजे प्रकाश आधीच मोजून ठेवणे. खेळ घडविताना साधन सर्व भिंतींवर बिंदूंची जाळी कल्पिते, प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश येतो ते सावकाश काढते आणि त्याचे चित्र करून ठेवते. या चित्राला लाइटमॅप आणि या क्रियेला बेक करणे असे म्हणतात. आपल्या खोलीची चार मीटर रुंद व तीन मीटर उंच भिंत घ्या. दर मीटरला वीस बिंदू धरले तर त्या भिंतीवर ४,८०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूपासून हजार किरण सोडले तर ४८ लाख किरणांचा माग काढावा लागतो. हे काम रात्रभर चालले तरी बिघडत नाही. खेळताना संगणकाला केवळ तयार चित्र भिंतीवर चढवावयाचे असते. १९९६ सालच्या ‘क्वेक’ या खेळात ही पद्धत वापरलेली होती. ‘मिरर्स एज’ या २००८ सालच्या खेळातील पांढऱ्या इमारतींवर उतरलेले रंगही आधीच मोजलेले होते.

या पद्धतीचा दोष तिच्या गुणातच आहे. जे मोजून ठेवले ते बदलत नाही. आपल्या खोलीतील मेज खेळणाऱ्याने सरकविले, तर मेज जाईल आणि त्याची सावली डागासारखी कोब्यावर राहील. पूर्वेचे दार उघडले तरी सकाळचे ऊन आत येणार नाही. वीज गेली तरी भिंत उजळलेलीच राहील. म्हणून व्यवहारात संमिश्र मार्ग पत्करतात. न हलणाऱ्या वस्तूंवरील प्रकाश बेक करतात. हलणाऱ्या पात्रांच्या सावल्या त्या क्षणी काढतात. पात्रावर कोणता प्रकाश पडतो हे कळावे, म्हणून खोलीच्या पोकळीत ठिकठिकाणी अदृश्य नोंदबिंदू ठेवतात. त्या बिंदूवर चहूबाजूंनी येणारा प्रकाश केवळ सत्तावीस संख्यांत साठविता येतो, कारण प्रत्येक मूळ रंगाला नऊ संख्या पुरतात. रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहन यांच्या २००१ सालच्या निबंधाने याचा गणिती आधार दाखविला. पात्र कोब्याजवळ बसले की त्याच्या चेहऱ्याखाली तांबूस झाक येते, ती या संख्यांमुळे.

दुसरा मार्ग सर्व काही त्या क्षणी मोजण्याचा. २०१८ साली एनव्हिडिया कंपनीने किरणांचा माग काढण्यासाठी खास विभाग असलेली आरटीएक्स कार्डे बाजारात आणली. २०२२ साली आलेल्या अनरियल इंजिनच्या पाचव्या आवृत्तीत लुमेन नावाची व्यवस्था आहे. तिच्यात दार उघडताच परतणारा प्रकाशही बदलतो. २०२३ सालच्या गोडो या मुक्त साधनाच्या चौथ्या आवृत्तीतही त्या क्षणी मोजण्याची सोय आहे. घडविणाऱ्याला रात्रभर थांबावे लागत नाही. दिवा हलविला की परिणाम समोर दिसतो. परंतु घडविणाऱ्याची ही सोय खेळणाऱ्याच्या यंत्रावर भार टाकते.

येथे प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. आपल्या देशात असंख्य मुले साध्या मोबाईलवर किंवा जुन्या संगणकावर खेळतात. सर्व प्रकाश त्या क्षणी मोजणारा खेळ त्यांच्या यंत्रावर अडखळत चालतो किंवा चालतच नाही. आधी मोजून ठेवलेल्या प्रकाशाची किंमत घडविणारा एकदाच भरतो. त्या क्षणी मोजलेल्या प्रकाशाची किंमत प्रत्येक खेळणारा प्रत्येक वेळी भरतो. कोणती पद्धत निवडावी, याचे उत्तर देण्यापूर्वी खेळ कोणासाठी घडवीत आहोत याचे उत्तर द्यावे लागते.

त्वचा आणि दिवा

प्रकाश पृष्ठभागावरून परततो, तसा काही पदार्थांत शिरून पलीकडेही झिरपतो. मेण, दूध, पाने आणि माणसाची त्वचा हे असे पदार्थ आहेत. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४०च्या दशकात जलरंगांत काढलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. समईच्या ज्योतीवर एका स्त्रीने हात धरला आहे. बोटांच्या कडा आतून उजळल्यासारख्या तांबूस दिसतात आणि तोच उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. चित्रासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. हळदणकरांनी जे निरीक्षणाने साधले, त्याचे संगणकाला परवडेल असे गणित २००१ साली हेन्रिक येन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. आजच्या साधनांत त्वचेच्या पदार्थाला ‘आत किती खोल झिरपावे’ अशी एक संख्या असते. ती शून्य ठेवली तर चेहरा प्लास्टिकचा दिसतो. अति वाढविली तर मेणाचा. योग्य संख्या कोणती, हे सांगण्यासाठी मात्र हळदणकरांसारखे पाहावे लागते.

पुण्यातील एक खेळ

मराठी मुलुखात घडलेल्या खेळांपैकी ‘राजी: अॅन एन्शन्ट एपिक’ हा या संदर्भात पाहण्याजोगा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने तो अनरियल इंजिनच्या चौथ्या आवृत्तीत घडविला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाचा शोध घेते, अशी त्याची कथा आहे. किल्ले, मंदिरे आणि जलाशय यांतून ती जाते. कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत.

छायाबाहुल्यांची योजना केवळ शोभेची नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे धरून कथा सांगत आले आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या खेळात एक दिवा, एक पडदा आणि एक बाहुली एवढेच साहित्य असते. बाहुली पडद्याला टेकली की आकृती रेखीव दिसते. दिव्याकडे सरकली की मोठी व धूसर होते. रुंद दिवा, मऊ कड आणि अंतर यांविषयी आपण वर जे पाहिले, ते सर्व त्या पडद्यावर आहे. कथेला जेवढा प्रकाश लागतो तेवढाच वापरण्याची शिस्तही तेथे आहे.

अंधाराचा हिशेब

ही शिस्त सुटली की काय होते, याचे उदाहरण ‘डूम ३’ या २००४ सालच्या खेळात सापडते. त्यात सावल्या त्या क्षणी काढल्या जात होत्या आणि त्या काळात ते मोठे यश होते. परंतु खेळ इतका अंधारा होता आणि हातात एकतर विजेरी किंवा शस्त्र धरता येई, की अनेकांनी तक्रार केली. २०१२ सालच्या आवृत्तीत विजेरी चिलखतावर बसविण्यात आली. खेळणाऱ्याला वाट दिसली पाहिजे, धोका ओळखता आला पाहिजे. अंधार ठेवावयाचा असेल तर तो त्याला काही सांगणारा असला पाहिजे.

म्हणून शिकणाऱ्याने एक क्रम पाळावा. प्रथम सर्व पृष्ठभाग करड्या रंगाचे ठेवून केवळ एक दिवा लावावा आणि सावल्या कोठे पडतात ते पाहावे. मग कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यावयाचा ते ठरवून ती संख्या स्थिर ठेवावी. त्यानंतर परतणारा प्रकाश मोजावा आणि शेवटी रंग चढवावेत. प्रत्येक नवा दिवा लावण्यापूर्वी, तो नसेल तर खेळणाऱ्याला काय दिसणार नाही, असे स्वतःला विचारावे. उत्तर सापडले नाही तर तो दिवा लावू नये. अखेरीस आपले दृश्य सर्वांत साध्या यंत्रावर चालवून पाहावे.

ब्लेंडर आणि गोडो ही साधने विनामूल्य आहेत. त्यामुळे हा अभ्यास समता कॉलनीतील खोलीत बसूनही करता येतो. त्यासाठी लागणारा दुसरा ग्रंथ खिडकीतून दिवसभर आत येत असतो. डिसेंबरच्या दुपारी उन्हाची कड कोब्यावर कोठे येते तेथे खडूने रेघ ओढावी, मार्चमध्ये पुन्हा ओढावी, आणि मग संगणकातील खोलीत त्याच तारखा घालून दोन्ही रेघा जुळतात का ते पाहावे. त्या जुळल्या, तर साधन आपल्याला समजले. न जुळल्या, तर चूक शोधावी. बहुतेक वेळा ती आपल्या खिडकीच्या मापात सापडेल.